नाटकासाठी लाकडी तलवार: फळीपासून मुठीपर्यंत

चवथ (गणेशचतुर्थी) होऊन पाऊस ओसरला की गोव्यात देवळांच्या मंडपांत तालमी सुरू होतात. जत्रेला, जांबावलीच्या गुलालाच्या उत्सवाला, कुठल्या तरी वाड्यावरच्या वार्षिक उत्सवाला गावचीच माणसे नाटक करतात. नाटक ऐतिहासिक असले तर तलवारींचा प्रश्न पहिल्या आठवड्यातच पुढे येतो. भाड्याने मिळणाऱ्या पत्र्याच्या तलवारींच्या कडा हात कापतात आणि दोन झटापटींत त्या वाकतात. प्लॅस्टिकच्या तलवारीला वजन नसते, आणि दोन तलवारी आपटल्या की येणारा आवाज सगळ्या प्रसंगाचा घात करतो. सत्तरी-डिचोलीकडच्या घोडेमोडणीत आणि पेडण्याकडच्या दशावतारी काल्यात तर तलवार घेऊन नाचायचे असते, म्हणजे ती तासन्‌तास हातात राहणार. अशा सगळ्या कामांना हाताने घडवलेली लाकडी तलवार चांगली. ती पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. फळीवर लांबीने धावणाऱ्या तंतूंच्या रेषा दिसतात, त्या मुठीच्या टोकापासून पात्याच्या टोकापर्यंत शक्य तितक्या अखंड राहिल्या पाहिजेत. लाकूड तंतूंच्या लांबीने मजबूत असते आणि आडवे कच्चे. रेषा जिथे तिरकी होऊन कडेबाहेर निघून जाते तिथेच तलवार मोडते, मग तुम्ही वरून कितीही सुंदर पॉलिश करा. तुटलेला तुकडा पहिल्या रांगेत बसलेल्या मुलांच्या दिशेने उडू शकतो, हे लक्षात ठेवून फळी निवडा.

कुठला आकार घ्यावा

पहिली तलवार धोपेची करा. धोप म्हणजे लांब, जवळजवळ सरळ पात्याची मराठा तलवार. युरोपातून आलेल्या पात्यांना इथली मूठ बसवून जी फिरंग तयार होई, तीही सरळच. या दोन्ही आकारांत फळीची रेषा आपोआप पात्याबरोबर धावते, त्यामुळे नवख्याच्या हातूनही मजबूत वस्तू तयार होते.

बाकदार तलवार हवीच असेल तर मुठीकडचे पहिले 10 इंच सरळ, रेषेला समांतर ठेवा आणि बाक पुढच्या भागात द्या. तलवार आपटते तेव्हा सगळा ताण मुठीजवळ येतो, म्हणून तिथे रेषा सरळ हवी. पात्याच्या दोन टोकांना दोरा ताणून धरला तर मधली खोली एक इंचापेक्षा जास्त नको. प्रेक्षकांना एवढा बाक भरपूर दिसतो. कुठे फांदीच्या वळणावरची, रेषाच वळलेली फळी मिळाली तर तिच्यासारखे दुसरे लाकूड नाही, पण ती नशिबाने मिळते.

लांबी नटाच्या उंचीवरून ठरवा. नटाने हात सैल सोडून तलवार खाली टोक करून धरली की टोक जमिनीपासून चार-पाच बोटे वर राहिले पाहिजे. मध्यम उंचीच्या माणसाला साधारण 24 इंचांचे पाते बहुधा बरोबर बसते. मुठीसाठी आणखी 5 ते 6 इंच धरा.

लाकूड

शिवण मिळाले तर दुसरे काही शोधू नका. हलके, सुकल्यावर फारसे न वाकणारे, रंध्याला मऊ लागणारे हे लाकूड आहे. सागवान त्याच्या खालोखाल. त्याची रेषा सरळ असते आणि ओलाव्याला ते दाद देत नाही, पण हत्यारांची धार लवकर खाते. त्यात नैसर्गिक तेल असल्याने फेविकॉल लावण्याआधी जोडाची जागा स्पिरिटच्या फडक्याने पुसून घ्यावी लागते. फणसाचे लाकूड आपल्याकडे सहज मिळते आणि पिवळेधमक दिसते, पण त्याचे तंतू बरेचदा एकमेकांत गुंतलेले असतात. रंधा एका जागी गुळगुळीत चालतो आणि वीतभर पुढे लाकूड ओरबाडतो. सवय झाल्यावर फणस घ्या. आंबा स्वस्त असतो, पण त्याला कीड लवकर लागते. माट्टी आणि किंदळ घराच्या कामाला उत्तम, तलवारीला जड. पांगारा आणि सावर फार मऊ, एका तालमीत पात्याला खळगे पडतात. माडाच्या लाकडाला हात लावू नका. त्याचे कडक तंतू कुसळांसारखे सुटतात आणि तळहातात घुसतात. पाते आणि मूठ यांच्या मधली आडवी पट्टी प्लायवूडची चालेल, पाते नको, कारण कडेचे थर सुटू लागतात.

नवीन फळी विकत घ्यायची गरज नसते. फर्निचर करणाऱ्या मेस्ताकडे तीन फुटी तुकडे पडलेले असतात. तलवारीसाठी हवी आहे म्हणून सांगितलेत तर तो स्वतःच चाळून चांगली फळी काढून देईल. जाडी अर्धा इंच, म्हणजे सुतारांच्या मापात 4 सूत, आणि सरळ पात्यासाठी रुंदी 2 इंच पुरे. फळी डोळ्यासमोर धरून लांबीने बघा. पीळ असेल तर ती परत ठेवा. गाठ मुठीजवळ किंवा पात्याच्या मधल्या भागात असेल तरी परत ठेवा. मग फळीची जाड कड बघा. रुंद बाजूला रेषा सरळ दिसते आणि कडेवर तीच तिरकी जाते, असे खूपदा असते. दोन्ही बाजूंनी सरळ दिसली तरच ती सरळ.

पावसाळ्यात आणलेली फळी लगेच कापू नका. ती घरात, भिंतीपासून सुटी, हवा लागेल अशी काही आठवडे आडवी ठेवा. ओल्या लाकडाची तलवार नोव्हेंबरच्या कोरड्या हवेत वाकते.

हत्यारे

बारीक दातांची करवत, छोटा रंधा, एक चपटी आणि एक अर्धगोल लाकडाची कानस, अर्धा इंची पटाशी, दोन-तीन क्लॅम्प, हाताने फिरवायचे ड्रिल आणि पॉलिश पेपर 80, 120, 180 आणि 220 नंबरचा. रंधा आणि पटाशी दगडावर घासून, केस उतरेल अशी धार आणल्याशिवाय काम सुरू करू नका. बोथट हत्याराला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेले हत्यार निसटते. नाका-तोंडाला मास्क हवा. सागवानाच्या भुशाने काहींच्या अंगाला खाज सुटते.

आखणी आणि कापणी

आधी जाड कागदावर तलवार पूर्ण मापात काढा, कापा आणि हातात धरून बघा. कागदावर आकार दुरुस्त करायला काही लागत नाही. पाते मुठीजवळ दीड इंच रुंद आणि टोकाजवळ सव्वा इंच. टोक अणकुचीदार नको, त्याची गोलाई किमान रुपयाच्या नाण्याएवढी असू द्या. मुठीचा गाभा पात्याच्याच लाकडाचा, सलग, सव्वा इंच रुंद. पाते वेगळे आणि मूठ वेगळी करून खिळ्याने जोडायचा मोह टाळा. भाड्याच्या बहुतेक लाकडी तलवारी त्याच जोडावर मोडलेल्या असतात.

कागद फळीवर ठेवून असा सरकवा की पात्याची मधली रेघ लाकडाच्या रेषेवर बसेल. फळीची कड आणि लाकडाची रेषा समांतर असतीलच असे नाही, म्हणून कडेवर भरवसा ठेवू नका. पेन्सिलीने आखून घ्या आणि रेघेच्या बाहेर एक सुताएवढी जागा सोडून करवतीने कापा. उरलेले रंध्याने रेघेपर्यंत आणा.

पात्याचा उतार

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तलवार खरी वाटते ती पात्याच्या उतारामुळे, म्हणजे पाठीकडून धारेकडे पाते पातळ होत जाते त्यामुळे. रंगमंचावर दिवा वरून आणि बाजूने येतो. उतार स्वच्छ असेल तर पात्यावर प्रकाशाची एक लांब पट्टी सरकत जाते, उतार नसेल तर ती रंगवलेली फळीच दिसते.

पात्याच्या कडांवर आधी रेघा आखा. पेन्सिल बोटांत धरून मधले बोट फळीला टेकवायचे आणि सरळ ओढत जायचे, समांतर रेघ मिळते. धारेच्या कडेवर मधोमध दीड सूत जाडीची पट्टी राहील अशा दोन रेघा काढा. ही तलवारीची ‘धार’. यापेक्षा पातळ कधीही करू नका. पाठीच्या कडेवर मुठीजवळ पूर्ण 4 सूत आणि टोकाकडे अडीच सूत जाडी राहील अशा रेघा काढा. टोकाकडे पाते पातळ होत गेले की तलवार पुढून हलकी होते आणि नटाचे मनगट दुखत नाही.

मग पाते फळकुटावर क्लॅम्पने धरा आणि रंधा चालवा. आधी फक्त धारेच्या कोपऱ्यावर, थोडा तिरका धरून. एक अरुंद पट्टी तयार होईल. पुढच्या प्रत्येक फेरीत ती पट्टी पाठीकडे रुंद होत जाईल आणि खाली रेघेजवळ येईल. आठ-दहा फेऱ्या झाल्या की पाते उलटून दुसऱ्या बाजूला तेवढ्याच मारा. एकच बाजू पूर्ण करून मग दुसरीकडे वळलात तर लाकडाचा ताण एका बाजूने सुटतो आणि पाते वाकते.

रंध्याची दिशा लाकूड सांगते. सालपट लांब आणि अखंड निघत असेल तर दिशा बरोबर. लाकूड टचटच तुटत असेल, पृष्ठभागावर खरखरीत खळगे पडत असतील तर लगेच थांबा आणि उलट बाजूने या. एकाच पात्यावर अर्ध्या भागात एक दिशा आणि उरलेल्या भागात दुसरी, असेही होते. मांजराच्या पाठीवरून हात फिरवताना जशी केसांची दिशा कळते तशी ती दोन दिवसांत बोटांना कळायला लागते. बाकदार पात्याला नियम सोपा आहे: नेहमी रुंद भागाकडून अरुंद भागाकडे, चढावरून उताराकडे. बाहेरच्या बाकावर मधून टोकांकडे, आतल्या बाकावर टोकांकडून मध्याकडे. आतल्या बाकात सपाट रंधा पोचत नाही, तिथे अर्धगोल कानस वापरा.

कानस पुढे ढकलताना दाबायची, मागे आणताना उचलायची. ती सरळ न ढकलता थोडी आडवी सरकवत न्या, म्हणजे एकाच जागी चर पडत नाही. टोकाची गोलाई पूर्णपणे कानशीनेच करा, करवतीने नको.

मधूनमधून तलवार उचला आणि मुठीकडून पात्यावर एक डोळा मिटून बघा. संध्याकाळी खोलीत अंधार करून टॉर्च बाजूने, अगदी आडवा धरला तर उंचवटे आणि खळगे सावलीने उघडे पडतात. उंचवट्यांवर पेन्सिलीने खुणा करा आणि तेवढेच काढा. आकार इथेच पूर्ण झाला पाहिजे. पॉलिश पेपर हत्यारांच्या खुणा घालवतो, आकार देत नाही. पेपरने आकार आणायला गेलेल्या पात्याच्या कडा लाटांसारख्या होतात आणि उताराची रेघ हरवते.

मूठ

गाभ्याच्या दोन्ही बाजूंना पाव इंच जाडीचे लाकडाचे दोन तुकडे, म्हणजे मुठीचे गाल, फेविकॉलने चिकटवा, क्लॅम्प लावा आणि रात्रभर सोडा. दमट हवेत पूर्ण एक दिवस द्या. पण त्याआधी आडवी पट्टी चढवायची असते, हा क्रम विसरू नका. अर्ध्या इंची फळीचा चार इंच लांब तुकडा घ्या, त्यात गाभ्याच्या मापाची खाच पटाशीने दोन्ही बाजूंनी अर्धी-अर्धी कोरा, आणि ती मुठीच्या टोकाकडून सरकवत पात्याच्या खांद्यापर्यंत आणा. खांदा म्हणजे पाते जिथे गाभ्यापेक्षा रुंद होते ती जागा. खाच घट्ट हवी, पण हातोड्याने ठोकावी लागेल इतकी नाही.

गाल वाळले की मूठ कानशीने अंडाकृती करा. गोल मूठ हातात फिरते आणि नटाला धार कुठे आहे ते कळत नाही. आडव्या पट्टीपासून मुठीच्या मागच्या टोकावरच्या कटोरीपर्यंतची जागा नटाची चार बोटे अधिक थोडी मोकळीक, एवढी हवी. शक्य असेल तर नटालाच बोलावून त्याच्या मुठीत बसवून बघा.

मागची गोल कटोरी करवंटीची करतात, तशी आपण गोव्यात तरी नक्की करावी. जाड करवंटीतून अडीच इंची चकती कापा, बाहेरून पेपरने घासा, मधोमध भोक पाडून गाभ्याच्या टोकावर बसवा आणि वरून लाकडाचे छोटे बोंड चिकटवा. बोटांवरून येणारा वळलेला गज मात्र लाकडातून कापू नका, वळणावर रेषा तुटते आणि पहिल्याच धक्क्यात तो जातो. बोटाएवढा जाड वेत गरम पाण्यात भिजवून वाकवा, दोऱ्याने वळणात बांधून सुकवा आणि मग आडव्या पट्टीत आणि कटोरीखाली भोके पाडून बसवा. सगळे जोड बांबूच्या खुंट्यांनी पक्के करा. लोखंडी खिळा लाकूड फाडतो आणि पुढे गंजतो.

अशी तलवार पाव-अर्धा किलोच्या आत भरते. खरी तलवार किलोच्या आसपास असते, त्यामुळे हलकी तलवार नट काठीसारखी फिरवतो. जाळ्याला लावतात ती शिशाची गोळी गालांच्या आत खोबण करून बसवली आणि वरून पूर्ण बंद केली तर वजन हाताजवळ येते, टोक मात्र हलकेच राहते. शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

गुळगुळीत करणे

कानशीच्या खुणा आधी खरवडून काढा. आपल्याकडचे जुने मेस्त फुटक्या काचेच्या सरळ कडेने लाकूड खरवडत, आणि ते कामही सुंदर होई. पण नवख्याने करवतीच्या जुन्या पात्याचा तुकडा, कड दगडावर सरळ घासून, दोन्ही अंगठ्यांनी किंचित वाकवून वापरावा. भुशाऐवजी केसासारखी बारीक सालपटे निघायला लागली की समजा बरोबर चालले आहे. फणसासारख्या गुंतलेल्या लाकडावर रंध्यापेक्षा हेच चांगले चालते.

मग 80 चा पेपर. तो बोटांनी धरू नका. बोटे मऊ जागी जास्त घासतात आणि उतार गोल करून टाकतात. जुन्या रबरी चपलेचा तुकडा लाकडाच्या ठोकळ्याला चिकटवा आणि त्याभोवती पेपर गुंडाळा. सगळ्या पृष्ठभागावर पेन्सिलीच्या हलक्या आडव्या रेघा मारून घ्या आणि त्या पूर्ण पुसल्या जाईपर्यंत घासा. कुठे राहिले आहे ते त्या रेघा दाखवतात. घासायचे फक्त लांबीने. आडवा ओरखडा 80 च्या पेपरचा असेल तर 220 ने जात नाही, आणि पॉलिश लावल्यावर तो आधीपेक्षा ठळक दिसतो.

80 नंतर 120, मग 180. नंबर उडवू नका. 80 वरून थेट 220 वर गेलात तर दुप्पट वेळ घासूनही जुन्या खुणा राहतात. प्रत्येक नंबरनंतर भुसा कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा, कारण जाड पेपरचे सुटलेले कण बारीक पेपरखाली सापडून नवे ओरखडे काढतात. धारेच्या आणि पाठीच्या कडांवर शेवटी ठोकळ्याशिवाय, हलक्या हाताने पेपर फिरवा. कोपरा बोटाला टोचता कामा नये.

180 झाल्यावर ओलसर फडका, नुसता ओलसर, सगळ्या तलवारीवरून फिरवा आणि ती तासभर सुकू द्या. दाबले गेलेले तंतू पाण्याने उभे राहतात आणि पृष्ठभाग पुन्हा खरखरीत लागतो. घाबरू नका, तेच हवे होते. 220 ने दोन-चार हलके हात मारले की ते कापले जातात आणि पुढे रंगाखाली किंवा नटाच्या घामाने पुन्हा उठत नाहीत. मुठीवर हे दोनदा करा. झाले की डोळे मिटून तळहात टोकापासून मुठीपर्यंत फिरवा. डोळ्याला न दिसलेला खडबडीतपणा तळहाताला लागतो.

रंग की पॉलिश

तालमीच्या आणि नाचाच्या तलवारीला लाकूडच दिसू द्यावे असे माझे मत आहे. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने पातळ थर द्या, दोन थरांमध्ये 220 चा जुना झालेला पेपर फिरवा. हवा दमट असेल तर लाखेवर पांढुरकी झाक येते, म्हणून हे काम कोरड्या दिवशी, दुपारी करा. काजूच्या टरफलाचे तेल आपल्याकडे होड्यांच्या लाकडाला लावतात. ते तलवारीला लावू नका, कातडी भाजते.

पोलाद दाखवायचे असेल तर चांदीचा रंग थेट फासू नका. दिव्याखाली तो पांढरा फक्क दिसतो. आधी प्रायमर, मग काळा मॅट रंग, आणि तो वाळल्यावर पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड कापडाने घासा. कडांवर जास्त, मध्ये कमी. दहा फुटांवरून हे लोखंड आहे अशी खात्री पटते. वर लाखेचा एक पातळ थर दिला की काळे हाताला लागत नाही.

मुठीला पॉलिशचा जाड थर नको, घामाने हात निसटतो. जाड सुती दोरी फेविकॉलमध्ये ओलावून घट्ट, एकाला एक लागून गुंडाळा आणि टोक आतल्या वेढ्याखाली ओढून घ्या.

वापरताना

लाकडी तलवारीचा वार कडेवर झेलायचा नाही. दोघांनी पात्याच्या सपाट बाजूवर, मधल्या भागात भिडवायचे, आणि वार नेहमी समोरच्याच्या शरीराबाहेर थांबवायचा. हे तालमीत पहिल्याच दिवशी, हळू गतीने ठरवून घ्या. प्रत्येक प्रयोगाआधी तलवार कानाजवळ धरून थोडी वाकवा. बारीक ‘टच’ असा आवाज आला किंवा मुठीजवळ केसाएवढी भेग दिसली तर ती तलवार भिंतीवर टांगण्यापुरतीच ठेवा, चिकटवून पुन्हा लढाईत आणू नका. कडेला बारीक कुसळ उठले तर 220 चा पेपर खिशात असू द्या.

ठेवताना आडवी, दोन-तीन ठिकाणी आधार देऊन ठेवा. भिंतीला टेकवून उभी ठेवलेली तलवार एका पावसाळ्यात वाकते. जूनच्या आधी लाखेचा एक पातळ थर आणखी द्या, जुन्या सुती कपड्यात गुंडाळा आणि माळ्यावर न टाकता घरात, हवेशीर जागी ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केली तर आत ओलावा धरून बुरशी येते.